बसलेलं पाणी

माझं माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला, उतारावर. तिथं पाऊस लागला की थांबायचं नाव घेत नाही. भाताच्या खाचरांचे बांध फुटायचे आणि तांबडी माती पाण्याबरोबर खाली निघून जायची. आई पदर खोचून बांधावर उभी राहायची आणि म्हणायची, "चाललं बघा आमचं रान धरणाकडं." त्यामुळे लग्न होऊन मी हुपरीच्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते इथल्या जमिनीचं. ताटासारखी सपाट, काळीभोर, उन्हाळ्यात भेगाळली तर कोपरापर्यंत हात आत जाईल अशी. इथली माती कुठं पळून जाणार नाही, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

लग्नानंतर काही दिवसांतच सासरे मला रान दाखवायला घेऊन गेले. नव्या सुनेला सासऱ्यानं स्वतः रानात न्यावं अशी काही रीत नव्हती, पण त्यांना हौस होती. नदीवरून पाणी उचलून गावच्या शिवारात आणायची योजना झाली, तेव्हा त्या धडपडीत ते सगळ्यांच्या पुढं होते. घरोघर जाऊन त्यांनी माणसं तयार केली होती, तालुक्याला हेलपाटे घातले होते. त्याआधी या रानात जोंधळा आणि हरभरा यायचा, तोही पाऊस मनासारखा झाला तर. पाणी आल्यावर ऊस आला आणि उसामागून घरावर स्लॅब आला, पोरांची शिक्षणं झाली. पाटाच्या पाण्यात हात बुडवून ते मला म्हणाले, "पोरी, हे समदं पाण्यानं केलंय. पाणी म्हंजे आपली लक्ष्मी."

ते खोटं बोलत नव्हते. गावात त्यांना मान होता तो त्या पाण्यामुळेच. पण पाणी किती द्यायचं, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वीज आली की मोटर चालू करायची आणि सरी तुडुंब भरून बांधावरून वाहायला लागली की मगच बंद करायची. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, असाच सगळ्यांचा हिशोब होता. माझा नवराही तेच करायचा, शेजारीपाजारीही तेच करायचे.

मग आमच्या खालच्या कोपऱ्यातला ऊस पिवळा पडायला लागला. आधी वाटलं रोग आहे, म्हणून फवारणी केली. मग वाटलं खत कमी पडलं, म्हणून खत वाढवलं. पुढच्या लावणीत तिथलं बेणं उगवलंच नाही. हिवाळ्यात सकाळी रानात गेलं की ढेकळांवर पांढरी पूड दिसायची. बोटाला लावून जिभेवर ठेवली तर खारट. कोपऱ्यातून ते मीठ वर वर सरकत गेलं आणि काही वर्षांत निम्म्याहून जास्त रानात ऊस होईनासा झाला. वर लव्हाळा माजला, त्यात वेड्या बाभळी उठल्या, आणि पाऊस संपून किती तरी दिवस झाले तरी पाय टाकला की पचकन पाणी वर यायचं. आमच्या विहिरीचं पाणी इतकं मचूळ झालं की म्हैस तोंड लावून परत फिरायची.

शिवारात अशी रानं फक्त आमचीच नव्हती. पण आमचं सगळ्यात आधी गेलं आणि सगळ्यात जास्त गेलं. नवरा फाऊंड्रीत कामाला लागला. मी हुपरीहून चांदीची पैंजणं आणून त्यांना घुंगरं लावायचं काम घरी बसून करायला लागले. आमच्या गल्लीत बऱ्याच बायका ते काम करत होत्या, त्यांनीच मला शिकवलं. त्या चांदीच्या कामानं आमची चूल चालती ठेवली, हे मी कधी विसरणार नाही. सासरे मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. पांढऱ्या पडलेल्या रानाकडं जायचंच त्यांनी सोडून दिलं. देवळाकडं जाताना रानाची वाट लागते, म्हणून ते गल्लीतून वळसा घालून जायचे.

आता शेजारच्या चाचांचं सांगायला हवं. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला त्यांचं रान, आणि त्यांच्या रानाच्या पलीकडं ओढा. चाचा आणि सासरे एकाच वयाचे, एका शाळेत एका पाटीवर शिकलेले. चाचांच्या घरचा ईदचा शीरखुर्मा आधी आमच्याकडं यायचा आणि आमची दिवाळी त्यांच्या घरी पोचल्याशिवाय सासूबाई पोरांना हात लावू द्यायच्या नाहीत, असं मी ऐकलं होतं. मी आले तेव्हा मात्र दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण चराचं होतं. चाचांचं म्हणणं असं की आमच्या खालच्या बांधाला लागून पूर्वी एक चर होता. पावसाचं जादा पाणी त्या चरातून ओढ्याला जायचं. उसाच्या दिवसांत सासऱ्यांनी तो बुजवून रानात घेतला आणि तेव्हापासून ते पाणी चाचांच्या रानात झिरपायला लागलं. सासऱ्यांचं म्हणणं एकच, "हितं चर कधी नव्हताच." गावातल्या चार माणसांसमोर त्यांनी ते ठासून सांगितलं होतं. चाचा उठून गेले होते, आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

बायकांचं तसं नव्हतं. चाची आणि मी दळपाच्या गिरणीत भेटायचो, बोलायचो. पण रानाचा विषय दोघीही काढायचो नाही.

एकदा गौरी-गणपतीला माहेरी गेले होते. किती तरी वर्षांनी चार दिवस राहायला मिळालं होतं. भाऊ मला आमच्या वरच्या डोंगरावर घेऊन गेला. लहानपणी जिथं उघडा खडक आणि घळी होत्या, तिथं गावानं मिळून आडवे चर खोदले होते, ओघळींत दगडाचे बांध घातले होते. चरांच्या कडेनं गवत आणि झाडं वाढली होती. डोंगराखालचा झरा मार्चमध्येच आटायचा, तो आता मे महिन्यापर्यंत चालतो असं भावानं सांगितलं. खाचरांतली माती जागेवर थांबली होती. मला इतका आनंद झाला, आणि त्याच आनंदात रडू फुटलं. भावाला आमच्या रानाची अवस्था ठाऊक होती. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडचं पाणी पळतंय, म्हणून आमी त्याला अडवलं. तुमच्याकडचं बसलंय. त्याला उठवा की."

गाडीत बसल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. तोवर आम्ही मिठाचा विचार करत होतो. मीठ कसं जाईल, त्यावर काय टाकावं, हेच. पाण्याचा विचार केलाच नव्हता.

परत आल्यावर नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही रानातली माती उकरली, वरची वेगळी, खालची वेगळी, आणि पिशव्यांत भरून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत तपासायला दिली. तिथल्या बाई तरुण होत्या, पण घाई न करता बोलल्या. पुढं त्या स्वतः येऊन रान बघून गेल्या. लोखंडी गिरमिटानं त्यांनी रानात एक भोक पाडलं आणि आम्हाला बघत राहा म्हणाल्या. थोड्या वेळात त्या भोकात पाणी भरलं, अगदी गुडघाभर खोलीवर.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्या पिकाची मुळं पाण्यात उभी आहेत. उन्हानं पाणी वर ओढलं जातं, ते उडून जातं आणि मीठ मागं राहतं. पाणी खाली उतरवलं तर मीठही पावसाबरोबर धुऊन जाईल. जमिनीखाली भोकाचे पाईप गाडायचे, ते एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि तो पाईप ओढ्यात सोडायचा. पण हे एकट्यानं होत नाही. शेजारच्यांनाही बरोबर घ्या."

रात्री जेवताना नवऱ्यानं हे सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

"म्हंजे पाण्यानं रान घालवलं म्हणतोस?"

"जास्त पाण्यानं, आबा."

"ज्या पाण्यानं तुला शिकवलं, त्याला नावं ठेवू नगंस," ते म्हणाले आणि हात धुऊन उठले. मला त्यांचा राग आला नाही. माणसानं आयुष्यात एकच मोठं काम केलेलं असावं आणि म्हातारपणी त्याच कामाकडं बोट दाखवून घरच्यांनी असं बोलावं, हे किती जड जात असेल, ते मला त्यांच्या पाठीकडं बघून कळलं. पण त्यांनी 'करू नका' असंही म्हटलं नाही. आम्ही तेवढ्यावर पुढं गेलो.

आमच्या वरच्या अंगाची चार-पाच घरं तयार झाली. त्यांच्याही रानात मीठ दिसायला लागलं होतं. थोडी सरकारी मदत, थोडं सोसायटीचं कर्ज, असं जमलं. मोजणीवाला आला, त्यानं दुर्बीण लावून उतार काढला आणि खाली हात केला. मोठा पाईप जाणार तो चाचांच्या रानातून. दुसरी वाटच नव्हती.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही नको, मी जाते." चराच्या भांडणात माझं तोंड कधी नव्हतं, म्हणून. चाचांच्या घरी गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर बसून म्हशीचं दावं वळत होते. चाचींनी चहा टाकला. मी सगळं सांगितलं, बाईंनी सांगितलं तसं. चाचा ऐकत होते. दावं वळायचं थांबलं नव्हतं.

"तुमचं खारं पाणी माज्या रानातनं जाणार," ते म्हणाले.

"बंद पाईपातनं जाईल चाचा. तुमच्या रानात भोकाचा पाईप नाही. तुम्हाला हवा असेल तर तुमच्याही रानात घालतो, त्याच पाईपला जोडून."

"ऊस उभा हाय माजा. कारखान्याची तोड कवा येईल सांगता येत न्हाय. आणि खोदायचं तर पावसाच्या आत पायजे."

ते खरं होतं. पिकलेला ऊस तोडीच्या आधी कापायचा म्हणजे घरचा घास वाटेवर टाकण्यासारखं. शेवटी ते म्हणाले, "बगू." आमच्याकडं 'बगू' म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. चाचींनी दारापर्यंत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या आठवड्यात आम्ही दुसरे मार्ग शोधत बसलो. रस्त्याच्या कडेनं, मळ्याला वळसा घालून. मोजणीवाला सारखा मान हलवत होता, पाणी चढावर चढणार नाही म्हणत होता. आणि एका सकाळी वरच्या घरची बाई पळत आली. "अगं, बघायला चल. चाचांच्या रानात काय चाललंय बघ."

मी गेले. चाचा, चाची आणि त्यांची दोन्ही मुलं ऊस तोडत होती. बांधापासून ओढ्यापर्यंत सरळ एक पट्टा मोकळा झाला होता, पोकलेन जाईल एवढा रुंद. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि ऊस मोळ्या बांधून कडेला ठेवले होते. चाचा घामानं भिजले होते. मला बघून म्हणाले, "सूनबाई, हा ऊस गल्लीत समद्यांच्या जनावरांना वाटून टाका. वाळला तर कुणाच्याच कामाचा न्हाय."

"चाचा, तोड येईपर्यंत थांबला असतात तर..."

"पाण्याला वाट नगं व्हय?" ते म्हणाले आणि पुन्हा कोयता चालवायला लागले. मी तिथंच पदर खोचला आणि चाचींच्या बाजूला मोळ्या बांधायला बसले. चराच्या त्या भांडणात ज्यांनी इतकी वर्षं सोसलं, त्यांनी हातातोंडाशी आलेला ऊस आमच्या पाण्यासाठी आडवा केला.

पोकलेन आला. खोदायला ओढ्याकडून सुरुवात केली, कारण पाणी जिथं सोडायचं तिथूनच वर यावं लागतं. चालवणारा विजापूरकडचा होता, बोलताना अधूनमधून कानडी हेल यायचा. चाचांच्या रानातून काम सरळ वर आलं. छातीभर खोल चर, त्यात मोठा पाईप, वर माती. मग पोकलेन आमच्या खालच्या कोपऱ्यात शिरला आणि दुपारच्या सुमारास एका बाजूला कलला. चालवणाऱ्यानं बाहेर काढायला जोर केला, तशी साखळी आणखी आत गेली. बघता बघता एक बाजू निम्मी चिखलात. तो उडी मारून खाली आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "हे रान न्हवं हो, खीर हाय."

गल्लीत बातमी गेली. माणसं जमली. कुणी बाभळी तोडून आणल्या, कुणी पाचटाच्या पेंढ्या, कुणी घराच्या बांधकामाचे दगड. बायकाही लागल्या. साखळीखाली बाभळीच्या फांद्या खुपसायच्या, वर पाचट, वर दगड. चालवणारा पावणा गोंधळून गेला होता. सारखा मालकाला फोन करत होता, आणि आमची माणसं त्याला ओरडून धीर देत होती, "पावणं, घाबरू नगासा, रातीला हितंच जेवायचं तुमी!" वरच्या अंगानं एक ट्रॅक्टर जोडला, पण एकट्याला तो ओढवेना. तेव्हा चाचा घरी गेले आणि आपला ट्रॅक्टर घेऊन मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून वर यायला निघाले. स्वतः चालवत होते.

त्याच वेळी मला सासरे दिसले. काठी टेकत बांधावर येऊन उभे होते. इतक्या वर्षांनी त्या रानात. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. ते पोकलेनकडं बघत होते, माणसांकडं बघत होते. चाचांचा ट्रॅक्टर पट्ट्याच्या टोकाला आला आणि पोकलेनच्या जवळ जायला म्हणून त्यांनी बांधाच्या कडेनं डावीकडं वळवला. वरून जागा कोरडी दिसत होती, थोडं गवत होतं एवढंच.

"थांब!" सासरे ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काठी वर करून ते दोन पावलं पुढं आले. "थांब रं! तिकडनं घालू नगंस! तिथं चर हुता, मातीची भर घातल्याली हाय, रुतशील!"

ट्रॅक्टर थांबला. फांद्या खुपसणारी माणसं वळून बघायला लागली. जमलेल्या माणसांत ज्यांना ते भांडण ठाऊक नव्हतं असं कुणी नव्हतं. सासऱ्यांनाही कळलं की आपण काय बोललो. त्यांची काठी वरच राहिली होती.

चाचांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. जिथं वळणार होते तिथं चालत गेले आणि टाचेनं जमीन दाबली. पाय घोट्यापर्यंत आत गेला. तो बाहेर काढून त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं.

"आज बोललास व्हय रं," चाचा म्हणाले. "ट्रॅक्टर बुडवायची वेळ आणलीस, तवा!"

आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. चाची हसल्या. मग सगळं रान हसायला लागलं. सासरे हसले नाहीत. ते बांधावरून खाली उतरले, चाचांच्या जवळ गेले आणि म्हणाले, "हिकडनं घाल, उजवीकडनं. हिकडं जमीन घट हाय. मी चालतो म्होरं." आणि ते काठीनं जमीन टोचत पुढं चालत राहिले, आणि चाचा त्यांच्या मागून ट्रॅक्टर आणत राहिले.

दोन ट्रॅक्टरांनी पोकलेन बाहेर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळे चिखलानं माखले होते. पावण्याला खरंच आमच्याकडं जेवायला बसवलं. आणि त्या जेवणाला चाचा आमच्या सोप्यात सासऱ्यांच्या शेजारी बसले होते. सासऱ्यांनी आपल्या हातानं त्यांच्या ताटात भाकरी वाढली, एवढं मी बघितलं. सासूबाई असत्या तर त्यांना किती बरं वाटलं असतं, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्याला बोलावून बुजवलेल्या चराच्या रेघेतही एक पाईप टाकला. रेघ सासऱ्यांनीच दाखवली, चालत जाऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाचांनी आपल्याही रानात भोकाचे पाईप घालून घेतले. सगळं काम पावसाच्या तोंडावर संपलं.

पाईपातून पाणी पडायला लागलं त्या दिवशी आम्ही सगळी ओढ्यावर गेलो होतो. आधी काहीच नाही. मग तोंडाशी काळसर ओल, मग एक बारीक धार, आणि मग ती धार मनगटाएवढी झाली. पाणी चहाच्या रंगाचं होतं. माझ्या मुलीनं बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. सासरे कितीतरी वेळ त्या धारेकडं बघत उभे होते. घरी परत येताना त्यांनी मला विचारलं, "म्हंजे हे इतकं पाणी आत हुतं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते देवळाला जाताना रानाच्या वाटेनं जायला लागले.

एका पावसाळ्यात सगळं सुधारलं असं नाही. पहिल्या वर्षी आम्ही काहीच पेरलं नाही, पावसाचं पाणी रानात मुरू दिलं आणि ते मीठ घेऊन पाईपातून जात राहिलं. बाईंनी सांगितलं तसं जिप्सम टाकलं. नंतर हिरवळीचं खत म्हणून धैंचा पेरला. कमरेएवढा वाढला तेव्हा नांगरून मातीत गाडला. हिरवंगार पीक नांगराखाली घालताना सासऱ्यांचा जीव तुटत होता. ते म्हणाले, "थोडा तरी कापून म्हशीला घाला." आम्ही थोडा कापून घातला. दुसऱ्या हिवाळ्यात गहू पेरला. तो सगळीकडं सारखा आला नाही. मधे मधे टकलं राहिली, खालच्या कोपऱ्यात तर अजूनही वीतभर जमीन पांढरीच आहे. पण बाकीच्या रानात गहू पोटरीत आला, ओंब्या भरल्या, आणि सकाळी त्यावर दव पडलेलं दिसायला लागलं, तेव्हा मी कामं टाकून रोज तिकडं फेरी मारायचे. फाऊंड्रीतून आलेला नवराही बूट न काढता आधी रानात जायचा.

त्या गव्हाचं पहिलं दळण मी गिरणीतून आणलं आणि चपात्या केल्या. चवीत काही वेगळं नव्हतं, गहू गव्हासारखाच लागतो. तरी सासऱ्यांनी एक चपाती कोरडीच खाल्ली, कशाला न लावता. चाचांच्या घरी पाठवायच्या डब्यात आधी भरल्या होत्या, मग आम्ही जेवायला बसलो.

आता आम्ही उसाला मोजून पाणी देतो, ठिबकनं. सासऱ्यांना ते थेंब थेंब पडणं सुरुवातीला पटत नव्हतं. रान भिजल्यासारखं दिसतच नाही म्हणायचे. आता तेच कुणी मोटर चालू ठेवून गप्पा मारत बसलं तर रस्त्यावरून हाक मारतात. मी पैंजणांचं काम सोडलेलं नाही. हाताला ते सवयीचं झालंय, आणि ज्या बायकांबरोबर ते शिकले त्यांच्यात बसल्याशिवाय मला करमत नाही. पण आता ते घर चालवायला नाही.

मोठा पूर आला त्या वर्षी ओढ्याचं पाणी पाईपाच्या तोंडावर चढलं आणि गाळ आत भरला. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी मिळून तो काढला. तेव्हापासून दरवर्षी पाऊस संपला की आम्ही सगळी घरं ओढ्यावर जमतो, तोंड साफ करतो, पाईपाच्या मधल्या चेंबरांतला गाळ बादल्यांनी काढतो. काम दुपारपर्यंत आटपतं. मग ओढ्याच्या काठी जेवण. यंदा मी झुणका-भाकरी आणि खर्डा नेला होता, चाचींनी अंड्याच्या रश्श्याचं पातेलं आणलं होतं, वरच्या घरच्यांनी दहीभात. सासऱ्यांना आता चालवत नाही, म्हणून नवऱ्यानं त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. चाचांनी त्यांच्यासाठी सावलीला पोतं अंथरून ठेवलं होतं. खर्डा तिखट झाला होता, सगळ्यांचे डोळे पाणावले होते आणि तरी जो तो आणखी मागत होता. मी वाढत होते. चाचींनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "आता तू खा गं. आमी वाढतो की."